मागच्या फाटकाचा करार

आमचे शेजारी एअर मार्शल साहेब कुरिअर घ्यायलाही ब्लेझर घालून दार उघडतात. आधी हस्तांदोलन, मग सही.

आधी लढाऊ विमानं, मग एक अख्खा हवाई तळ आणि निवृत्तीनंतर एका चिमुकल्या बेटावर भारताचे राजदूत, अशी त्यांची कारकीर्द. त्या बेटाचं आपल्याशी कधीच भांडण नव्हतं. त्यामुळे वाटाघाटींचं सगळं कौशल्य कोरंच राहिलं, आणि साहेब ते घेऊन भुकूमला आमच्या सोसायटीत राहायला आले.

गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीनं मागच्या फाटकाला कुलूप लावलं. गावातले नामदेवमामा त्याच वाटेनं आपल्या भातखाचरात जायचे. सोसायटीखालची जमीनही त्यांच्याच भावकीची, पण ते कमिटीला सोयीनं आठवत नाही. मामा येऊन ओरडले. कमिटीनं घाबरून साहेबांना मध्यस्थ नेमलं, आणि साहेबांनी मला लेखनिक. कारण मी लिफ्टमध्ये बोलत नाही. "बोलणारे फार झालेत. देश गप्प बसणारे चालवतात," ते म्हणाले. मी अर्थातच गप्प बसले.

पहिल्या बैठकीला साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर दोन झेंडे होते. सोसायटीचा छापील, मामांचा हिरव्या नॅपकिनचा.

"सायेब, झेंडं ऱ्हाऊ द्या. कुलूप काढा. भात झडाया लागलंय."

"आधी प्रोटोकॉल, मग मुद्दा," साहेब म्हणाले. आणि चेअरमनना फोन लावून तीनच शब्द बोलले, "कुलूप काढा. आत्ता." पाच मिनिटांत कुलूप गेलं. आठवड्यात भात घरी आलं.

मला वाटलं, संपलं. पण लेखी कराराशिवाय शांतता टिकत नसते म्हणे. मग रोज संध्याकाळी सहाला बैठक. शेण पडल्यास जबाबदारी कोणाची? वाट किती फूट? म्हशीला राजनैतिक संरक्षण द्यावं का, यात दोन संध्याकाळी गेल्या.

"म्हशीला इचारून सांगतो," मामा म्हणाले. साहेबांनी मला ते नोंदवायला लावलं.

त्या दीड महिन्यात आमच्याखेरीज त्या घराची बेल कुणी वाजवली नाही. फोनही वाजला नाही. साहेबांच्या मॅडम जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

शेवटी सगळी कलमं मंजूर झाली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, आणि तसंच धरून बसले.

"म्हणजे... झालं म्हणायचं," ते हळूच म्हणाले. "उद्यापासून तुम्हाला तसदी नाही."

मामांनी कागद उचलला. बराच वेळ बघितला. मग साहेबांकडे बघितलं.

"सायेब, ह्यात बैलगाडीचं काय न्हाई लिवलं."

मामांनी बैल कधीच विकलेत. ते ट्रॅक्टरनं येतात.

साहेब ताठ झाले. पेनला टोपण बसलं. "गंभीर त्रुटी आहे ही. उद्या सहा वाजता?"

"येतो की. च्यात साखर वाईच जास्ती घाला."

मी वहीत उद्याची तारीख टाकली.