सिंकखालचा सिनेमा

आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळायला लागला आणि मी सिनेमा काढायचं ठरवलं, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. निदान तेव्हा तरी नव्हता.

आधी सिनेमाचं सांगते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक फिल्म क्लब आहे. तिथे जुने, काळे-पांढरे सिनेमे दाखवतात, किंवा मग नवे, पण कुठल्याच थिएटरात न लागणारे. पडदा म्हणजे भिंतीला ताणून बांधलेलं पांढरं कापड. त्याला मधोमध एक घडी आहे, त्यामुळे प्रत्येक नायिकेचं नाक किंचित वाकडं दिसतं. बाबा या क्लबचे सभासद आहेत. ते पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून आहेत आणि त्यांचं म्हणणं असं, की दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकल्यावर माणसाला समोर कुणीतरी न ओरडणारं हवं असतं. सिनेमा सुरू झाला की थोड्याच वेळात ते झोपतात. ("झोपत नाही. डोळे मिटून पार्श्वसंगीत ऐकतो." मूकपटाच्या वेळीसुद्धा हेच उत्तर.)

मी त्यांच्याबरोबर जाते, दाराजवळच्या खुर्चीत बसते आणि सगळं नीट बघते. सिनेमा संपला की चर्चा असते. चर्चेत मी तोवर एक शब्दही बोललेले नव्हते. मनातल्या मनात मात्र फार सुंदर बोलते. कधीकधी मला मनात टाळ्याही मिळतात.

क्लबचे अध्यक्ष म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यामुळे कुठल्याही सिनेमात त्यांना डोंगर, वारा किंवा पाणी यांचा काहीतरी अर्थ लागतोच. सेक्रेटरी दातांची डॉक्टर आहे. ती प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबत नाही. समोरच्याचं तोंड उघडंच असणार आणि त्याला बोलता येणारच नाही, अशी तिला कामामुळे सवय झालेली आहे.

तर या क्लबाने जाहीर केलं, की एका शनिवारी संध्याकाळी सभासदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काढलेले छोटे सिनेमे दाखवायचे. अट एकच. सिनेमा संपेपर्यंत दिग्दर्शक कोण ते सांगायचं नाही. ही अट ऐकून मला वाटलं, ही माझ्यासाठीच केलेली आहे. माझी इच्छा एवढीच होती, की माझ्याकडे न बघता कुणीतरी माझा सिनेमा बघावा.

मी तो रविवारी दुपारी, आई-बाबा झोपलेले असताना, बाबांच्या फोनवर काढला. नाव ठेवलं 'कुणीच नाही'. त्यात कुणीच नव्हतं. आधी कोरडं, स्वच्छ सिंक, मग खिडकीचा हलणारा पडदा, मग दाराशी काढलेल्या चपला आणि शेवटी बराच वेळ एक रिकामी खुर्ची. (खुर्चीवर मी इतका वेळ थांबले, की माझाच हात अवघडला. पण मोठे दिग्दर्शक थांबतात.) माझी योजनाही तयार होती. लोकांना आवडला तर उभं राहायचं. नाही आवडला तर वाकून बुटाची नाडी बांधत बसायचं.

आता पाइपाचं. आमच्या भागातले प्लंबरकाका आधी व्हिडिओ मागवतात आणि मगच येतात. "जिने चढून वर यायचं आणि पान्हा खाली राहिला म्हणून परत उतरायचं, हे गुडघ्यांनी बंद केलंय," असं ते सांगतात. आईने फोन केला तेव्हा त्यांनी बजावलं, "सिंकपासून सुरुवात करा. मग हळूहळू खाली या. अजिबात घाई नको. पाइपाचा सांधा न् सांधा दाखवा. आणि मधे बोलू नका, मला आवाज ऐकायचाय."

बाबांनी पोटावर झोपून, टॉर्च हनुवटीखाली धरून तो व्हिडिओ घेतला. ते सगळं मनापासून करतात, हाच त्यांचा प्रॉब्लेम आहे.

शनिवारी सकाळी ऑफिसला निघता निघता बाबांनी चष्मा न लावता फोन हातात घेतला. फोनमध्ये एकाखाली एक दोन व्हिडिओ होते आणि दोन्हींच्या तोंडाशी आमचं सिंक होतं. एक प्लंबरकाकांना, एक सेक्रेटरीला.

"पाठवले बघ दोन्ही. एका झटक्यात," असं म्हणून बाबा गेलेसुद्धा.

संध्याकाळी आईसुद्धा आली. ती तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते आणि तिथून सरळ आली होती. "थेंब थेंब बघून डोळे गेलेत माझे," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "पण पोरीचा सिनेमा आहे म्हटल्यावर येणारच. मारामारी आहे का गं त्यात?"

"नाही."

"गाणं?"

"खुर्ची आहे," मी म्हणाले. "छान असेल," आई म्हणाली. आई आहे शेवटी.

आधी कुणाच्या तरी मांजराचा एक सिनेमा झाला. मग सेक्रेटरी उभी राहिली. "आता 'कुणीच नाही'. सगळे आरामात बसलात? छान."

दिवे गेले. पडद्यावर आमचं सिंक आलं. सिंक ओलं दिसत होतं, पण म्हटलं, असेल बाई, प्रोजेक्टर जुना आहे. आता खिडकी येणार. पण कॅमेरा खिडकीकडे जाईना. तो खाली निघाला. माझा कॅमेरा कधीच खाली जात नाही. मी हे कधी घेतलं? एक क्षण मला खरंच वाटलं, की मी घेतलं असेन आणि विसरले असेन, कारण अंधारात माणसाला स्वतःबद्दल काहीही वाटू शकतं.

बाबा त्या दिवशी चक्क जागे होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय संथ घेतलंयस गं! कुठे काढलास?"

"घरीच," मी गोंधळून म्हणाले.

"वाटत नाही हं."

पडद्यावर पाइपाचा पहिला सांधा आला. मग दुसरा. त्याला बांधलेलं फडकं आलं. तेवढ्यात आई ताठ झाली.

"अहो, हा आपला पाइप आहे."

"शू. सिनेमा आहे."

"सिनेमा कसला! त्या फडक्याची गाठ मी मारलीय!"

मागून कुणीतरी "श्श" केलं. पडद्यावर थेंब पडत होते. टप. टप. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. आणि मग बाजूने एक हात आला, बांगडी घातलेला. त्याने थेंबाखाली एक पातेलं सरकवलं आणि तो तिथेच थांबला. पुढच्या रांगेतल्या मफलरवाल्या गृहस्थांनी श्वास आत ओढला. पडद्यावर कुणीतरी कुजबुजलं, "हात काढ ना मधून!" हात निघून गेला. थेंब पातेल्यात पडायला लागले, त्यांचा आवाज बदलला. बराच वेळ फक्त तेवढंच. मग एकदम "आई गं!" आणि काळोख.

तेव्हा कुठे बाबा म्हणाले, "अरे! हा तर मी!"

पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. टाळ्या वाजत होत्या. मांजराला इतक्या वाजल्या नव्हत्या.

"पाणी," अध्यक्ष उभे राहून म्हणाले. "पाणी वरून खाली येतं. आपण सगळेच वरून खाली येतो."

"आणि नाव बघा ना," मफलरवाले म्हणाले. "कुणीच नाही! आणि तेवढ्यात हात येतो. म्हणजे आपण कुणीच नाही म्हणतो, तेव्हा कुणीतरी असतंच." अगदी असंच काहीतरी माझ्या सिनेमाबद्दल कुणी म्हणावं, असं मला वाटत होतं. म्हटलंही. फक्त सिनेमा माझा नव्हता.

"मला तो ओला सांधा बघवेना," सेक्रेटरी म्हणाली. "वरून ठीक दिसतं, आतून सगळं गेलेलं असतं. असंच असतं ना? असतंच. तर दिग्दर्शक कोण आहे?"

बाबांनी मला कोपराने ढोसलं. आईने दुसऱ्या बाजूने ढोसलं. मी नाडी बांधायला खाली वाकले आणि माझ्या लक्षात आलं, की मी चपला घालून आलेय.

उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. सगळ्यांनी वळून बघितलं. नुसतं "थँक यू" म्हणून खाली बसता आलं असतं. खोटं बोलायला एवढंच पुरलं असतं. पण माझ्या खऱ्या सिनेमातली खुर्ची मला आठवली. तिच्यासाठी मी हात अवघडून घेतला होता.

"हा माझा सिनेमा नाही," मी म्हणाले. क्लबातलं माझं हे पहिलं वाक्य. "हा सिनेमाच नाही. आमचा पाइप गळतो, म्हणून प्लंबरकाकांना पाठवायचा व्हिडिओ आहे."

अध्यक्षांचे डोळे चमकले.

"ऐकलंत? 'हा सिनेमाच नाही!' एवढीशी मुलगी. आपल्या कलाकृतीवर हक्कसुद्धा सांगत नाही!"

"नाही, खरंच नाही. चुकून..."

"बस बाळ, बस. पोचलं आमच्यापर्यंत."

"अहो, खरं सांगतेय ती!" आई उठली. "भांडं लावल्याशिवाय झोपता येत नाही घरात. विश्वास नसेल तर चला, दाखवते."

"आईसुद्धा अजून भूमिकेतच आहे," मफलरवाले शेजारच्याला हळूच म्हणाले.

"तुम्ही बांगडी ओळखत नाही का?" आईने हात वर केला. त्यावर पुन्हा टाळ्या झाल्या. आई खाली बसली आणि मला म्हणाली, "ही माणसं बरी आहेत ना?"

सेक्रेटरीने विचारलं, "मग कॅमेरा कुणाचा?"

"माझा," बाबा उठले. "म्हणजे, फोन माझा."

"मधे तो थरथरतो, ते मुद्दाम?"

"मान अडकली होती."

"आणि शेवटचा काळोख?" अध्यक्षांनी विचारलं. "तो काळोख मला समजून घ्यायचाय."

बाबांनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "डोकं आपटलं."

"डोकं आपटलं," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "किती सरळ! बाकीचे यावर अर्धा तास बोलले असते."

पाहुण्यांना द्यायला आणलेलं कुंडीतलं रोपटं बाबांना मिळालं. पुढच्या महिन्यात 'दिग्दर्शकाशी गप्पा' या कार्यक्रमात त्यांनी बोलावं असंही ठरलं. माझ्या डोक्यावरून अध्यक्षांनी हात फिरवला आणि ते म्हणाले, "बाबांकडून शीक."

घरी येताना बाबा कुंडी छातीशी धरून चालत होते. "मी तिथे झोपत नव्हतो, हे पटलं ना आता? सगळं आत झिरपत होतं."

"झिरपतंय तर खरंच," आई म्हणाली. "पातेलं भरलं असेल एव्हाना."

"बाबा," मी विचारलं, "मग माझा सिनेमा कुठे गेला?"

बाबा थांबले. कुंडी आईच्या हातात दिली, चष्मा लावला, फोन काढला आणि बघितलं. मग त्यांनी फार मऊ आवाजात सांगितलं, "प्लंबरकडे. त्याने बघितलाय. उद्या सकाळी येतो म्हणतोय."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग उलट काहीतरी वाटायला लागलं. मला जे हवं होतं ते तर झालंच होतं. मला न ओळखणाऱ्या, मी कोण हे माहीत नसलेल्या एका माणसाने माझा सिनेमा बघितला होता. माझ्याकडे न बघता. क्लबातल्या लोकांपेक्षाही खरा प्रेक्षक होता तो. त्याला काय दिसलं असेल? पडदा? चपला? त्या रिकाम्या खुर्चीपाशी तो थांबला असेल का?

सकाळी बेल वाजली तेव्हा मी आईच्या आधी धावले. प्लंबरकाका दारात उभे होते आणि त्यांच्या पायाशी भलीमोठी पिशवी होती. म्हणजे काय काय आणावं ते न कळल्यामुळे त्यांनी सगळंच आणलं होतं.

"तो व्हिडिओ तुमच्याकडूनच आला होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो. बघितलात?"

"दोनदा बघितला."

"दोनदा!"

"बायकोलाही दाखवला. म्हटलं, मला दिसत नाही ते तिला दिसेल. टीव्ही बंद करून बसलो होतो आम्ही."

मी दाराची कडी घट्ट धरली. "मग? काय वाटलं?"

काकांनी विचार केला. ते उगाच काहीही बोलणाऱ्यांतले नव्हते, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं.

"शेवटपर्यंत गळती काही सापडली नाही," ते म्हणाले. "पण ती खुर्ची आहे ना, ती मात्र तुम्ही अगदी व्यवस्थित दाखवलीय. मागचा डावा पाय ढिला आहे तिचा. बायकोच म्हणाली, हा सुताराचा व्हिडिओ चुकून आपल्याकडे आला."

मागून बाबा भाषणाची तयारी करत येत होते, आई पातेलं घेऊन येत होती आणि काका माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो," मी म्हणाले. "सुताराचाच होता तो."