आधी ऐकू दे

रेडकरकाका कुठलीही वस्तू डोळ्यांनी बघून घेत नसत. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन दुकानात जात. त्याचं टोक वस्तूवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुकानदाराने तोंड उघडलं की डावा हात वर करून म्हणायचं, "आधी ऐकू दे." मिक्सर असाच घेतला, टेबलफॅन असाच घेतला. एकदा कलिंगडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तेव्हा कोपरीच्या भाजीवाल्या मावशींनी, "ओ भाऊ, भोक पडलं तर घ्यावं लागेल," असा दम भरला होता.

याला कारण होतं. काका एका कारखान्यात तीस वर्षं बेअरिंग तपासायचे. चालू मशीनवर स्क्रूड्रायव्हर टेकवून आतली कुठली गोळी झिजली ते सांगायचं, हीच त्यांची नोकरी. ते रिटायर झाले, त्यांचे कान झाले नाहीत. आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप बिघडायच्या चार दिवस आधी ते जिन्यात थांबून म्हणायचे, "कण्हायला लागला." पाचव्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन खाली. त्यात हार्मोनियमचा नाद, म्हणून प्रत्येक आवाजाची पट्टी ठरलेली. आमचा फ्रीज पांढरी तीन. माझी आई मला हाक मारायची ती काळी पाच. "रागावली की तार सप्तकात जाते," हेही त्यांनी तिच्या तोंडावर सांगून टाकलं. पुढचा महिनाभर आईने त्यांना चहा विचारला नाही.

नव्व्याण्णव साल उजाडलं त्या सुमाराची गोष्ट. काका एका संध्याकाळी घरी आले, आधी आमचा फ्रीज बंद केला, मग मला म्हणाले, "आवाज न करणारा कॉम्प्युटर कुठे मिळेल रे?"

मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास केलेला. फ्लॉपी सरळ बाजूने घालता येत होती, एवढ्या भांडवलावर बिल्डिंगमध्ये मला तज्ज्ञ समजत. "कशाला हवाय?" मी विचारलं.

"पियानो वाजवायला."

रेडकरकाकू एका शाळेत संगीत शिकवायच्या. तिथे पियानो होता, रोजची प्रार्थना त्याच वाजवायच्या. मग अचानक नोकरी सोडून त्या घरी बसल्या. मुख्याध्यापिकांशी भांडण झालं अशी बिल्डिंगमध्ये बोलवा होती. "पाडव्याला ती साठीची होते," काका म्हणाले. "तिला पियानो द्यायचाय. खरा आणला तर आम्हा दोघांना जिन्यात झोपावं लागेल. पण परवा एका प्रदर्शनात बघितलं, कॉम्प्युटरमध्ये सीडी घालायची, पुढे पियानोच्या पट्ट्यांचा कीबोर्ड जोडायचा, की झाला पियानो. आवाज असा, की मी पाठीमागे जाऊन तारा शोधून आलो. फक्त तो डबा घरघरत होता. मला लहान पाहिजे. आणि गप्प पाहिजे."

खरं सांगायचं तर काकूंसाठी धावपळ करायची मला हौस नव्हती. त्या शिष्ट आहेत असं आमच्या घरी ठरलेलं होतं. त्यात आमची दुकानांची फिरती सुरू झाल्यावर एका रविवारी आई हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेली. काकू खिडकीशी बसलेल्या तिला स्पष्ट दिसल्या. तिने दार वाजवलं, हाक मारली, बाईंनी मान वळवली नाही. "मास्तरीण आहे म्हणून काय झालं," आई म्हणाली, आणि तो विषय बंद झाला.

पण काकांच्या उत्साहापुढे कुणाचं काही चालत नसे. दर रविवारी सकाळी आमची वरात निघायची. पुढे काका, मागे मी, माझ्या खांद्यावरच्या पिशवीत काकांनी आधीच घेऊन ठेवलेला कीबोर्ड. ठाण्यातली दुकानं संपली, मग कल्याण, मग डोंबिवली. खोपटच्या दुकानदाराने टॉवरसारखा उंच कॅबिनेट दाखवला. काका म्हणाले, "हा आणला तर हिला त्याच्यावर चढून वाजवावं लागेल." दुसऱ्याकडचा लहान होता, पण पट्टी दाबल्यावर सूर यायला इतका वेळ लागायचा की मध्ये चहा पिऊन यावा. "पुढच्या शनिवारचा सूर आज दाबायचा काय?" काकांनी विचारलं.

स्क्रूड्रायव्हर झाला की ते एक दुसरीही गंमत करत. खिशातून काडेपेटीएवढी डबी काढायची, तिच्या वायरीचं बोंडूक कानात घालायचं आणि मला दोन सूर वाजवायला सांगून पुन्हा डोळे मिटायचे. दुकानदारांना वाटे रेडिओ आहे. मलाही तेच वाटे. कल्याणच्या दुकानदाराने विचारलं, "काका, किती गेले?" काका डोळे न उघडता म्हणाले, "पाच." घरी येऊन पेपर पाहिला तर त्या दिवशी मॅचच नव्हती. म्हटलं, म्हाताऱ्याच्या तऱ्हा आहेत, चालायचंच.

त्या डबीनंतर निकाल मात्र नेहमी एकच. मान हलायची. "नाही. सुराच्या आधी पंखाच पंगतीत येऊन बसतो."

"काका, एवढुसा तर आवाज आहे," मी एकदा वैतागून म्हणालो.

"तुझ्या कानाला," ते म्हणाले.

पाडवा तीन आठवड्यांवर आला तेव्हा डोंबिवलीत अमोल भेटला. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत तो कॉम्प्युटर जोडून द्यायचा. काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला, तेव्हा हा पोरगा हसला नाही. "ऐका ना काका, मग सांगा," म्हणाला. तिथेच माझ्या लक्षात आलं की आता काम होणार.

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. अमोलने कोपऱ्यातून एक आडवा, पाटाएवढा कॅबिनेट काढला. त्याने पेटीभर पंखे टेबलावर ओतले आणि काकांनी एकेक चालवून कानाला लावला. हा खोकतो, हा दात खातो, हा बरा आहे पण म्हातारपणी त्रास देईल. सतरावा पास झाला. त्याला वीज कमी द्यायची म्हणजे तो हळू फिरेल, असं काकांनी सुचवलं.

"तापेल ना पण," अमोल म्हणाला.

"तुझी नवी चिप तापते. जुनी, सावकाश चालणारी टाक. शर्यतीला नाही न्यायचाय."

"मग सूर उशिरा येईल."

काकांचा चेहरा पडला. अमोलने डोकं खाजवलं. "साउंड कार्ड भारी टाकू. पियानो कार्डातच ठेवू, चिपला कामच नको." काकांनी त्याला तिथल्या तिथे मिठी मारली. हार्ड डिस्कची करकर तेवढी राहिली होती. ती काकांनी खाली जाऊन सायकलवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांवर बसवली. पट्टी दाबली, सूर लगेच आला. मग डबी कानात गेली. काका इतका वेळ डोळे मिटून उभे होते की मी आणि अमोल श्वास रोखून बसलो. शेवटी म्हणाले, "मला वाटतं, जमलं. पण खरी परीक्षा घरी."

पाडव्याला त्यांनी मला सकाळीच बोलावलं. गुढी उभारून झाली होती. टेबलावर पाटाएवढा कॉम्प्युटर, पुढे कीबोर्ड, समोर नवी साडी नेसून काकू बसलेल्या. काकांनी मशीन सुरू केलं. मी अभिनंदनाचं काहीतरी बोलायला गेलो, तोच डावा हात वर झाला.

"थांब. आधी तिला ऐकू दे."

आणि त्यांनी खिशातून ती डबी काढली, काकूंच्या पदराला अडकवली, वायर मानेमागून घेतली आणि बोंडूक त्यांच्या कानात बसवलं. इतक्या सवयीने, की हे ते रोज करत असणार.

मी म्हणालो, "काका, हे तर तुम्ही दर रविवारी..."

"हिच्या कानाने ऐकायला नको? हे कानाचं यंत्र सुराआधी पंखाच मोठा करतं."

काकू माझ्याकडे वळल्या. "रविवारी ही डबी यांच्या खिशात गेली की कुणी दार वाजवलं तरी मला कळत नाही रे. तुझी आई येऊन गेली म्हणे एकदा. मला फार वाईट वाटलं. शाळेत पोरं सुरात आहेत की नाहीत तेच कळेना, म्हणून सोडली नोकरी. कुणाला काय सांगायचं?"

बारीक आवाज जिन्यातून ओळखणारा हा माणूस इतकी वर्षं घरी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत होता, आणि आम्ही भिंतीपलीकडून म्हणायचो की दोघं भांडतात.

काका काकूंच्या तोंडासमोर वाकले. हातात स्क्रूड्रायव्हर होता, पण त्यांनी तो कुठेच टेकवला नाही.

"पंखा येतोय का?" त्यांनी विचारलं.

"कुठला पंखा?" काकू म्हणाल्या, आणि शाळेची प्रार्थना वाजवायला लागल्या.

मी उठून घरी गेलो आणि आईला बोलावून आणलं.