आजीची खरखर

नातीच्या हातातून फोन सोडवायचाच, असं आजोबांनी ठरवलं तेव्हा नात चार वर्षांची होती आणि आजीला जाऊन चार महिने झाले होते. आजोबा हाडाचे घड्याळजी. काही बिघडलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. फोनच्या पडद्याकडे मात्र ते तत्त्व म्हणून बघत नसत.

"जेवायला चल."

"एवढं संपू दे."

हे 'एवढं' कधी संपतच नसे. "तिच्या हातात वाद्यं द्या," बालवाडीच्या बाईंनी सुचवलं. आजोबा त्याच दुपारी ढोलकं घेऊन आले. नातीने एकदा वाजवलं, कान देऊन ऐकलं, "हे नाही," म्हणाली आणि फोन उचलला. तोंडाने वाजवायचा बाजा आणला, तोही नापास. झांजा आणल्या तेव्हा खालच्या मजल्यावरचे वकील वर आले.

"काका, मी घरून काम करतो हो."

"बरं, मग शिट्टी आणतो."

शिट्टी ऐकल्यावर वकिलांनी दोन दिवस ओळख दाखवली नाही.

शेवटी सून म्हणाली, "बाबा, घरात पेटी आहे की."

पेटी आजीची. तिची एक पट्टी चाळीस वर्षं खरखरत होती. दुरुस्त करतो म्हटलं की आजी म्हणे, "हात लावायचा नाही. तुमची घड्याळं सांभाळा." आता अडवायला कोणी नव्हतं. त्यांनी पेटी उघडली, आतला एक स्क्रू आवळला, आणि खरखर गेली. काम झालं, पण घर आणखीच रिकामं वाटलं.

नात पुढ्यात बसली. आजोबा भाता हलवू लागले आणि ती एकेक पट्टी दाबत गेली. त्या पट्टीवर ती थांबली. पुन्हा दाबली. मग रडायला लागली.

"काय झालं, बाळा?"

"यातली आजी कुठे गेली?"

तिने फोन पुढे केला. आजोबांना तत्त्व मोडावं लागलं. पडद्यावर आजी पेटी वाजवत होती. मधेच ती पट्टी खरखरली आणि आजी हसली. चार महिने पोर एवढंच बघत होती.

आजोबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. धडधाकट वस्तू बिघडवायला ते जन्मात पहिल्यांदाच बसले होते, आणि ते काही जमेना. स्क्रू सैल केला की पट्टी मुकी, आवळला की स्वच्छ. तासाभराने दार वाजलं. वकील उभे होते. आजोबा माफी मागणार, एवढ्यात ते म्हणाले, "काका, काकूंची खरखर हवीय ना? अजून थोडं सैल करा. वीस वर्षं खालून ऐकलीय मी."

"असं?"

"नाही, जास्त झालं. जरा आवळा. हां."

खर्रर्र.

"हे," नात म्हणाली आणि तिने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं वाढून झाली होती. नात पेटी सोडून जेवायला येऊन बसली होती. आजोबा मात्र खिडकीशी, फोन डोळ्यांजवळ धरून.

"आजोबा, जेवायला चला."

"एवढं संपू दे," आजोबा म्हणाले.