जास्तीचा स्पीकर

"पूल बांधतो मी, पूल! नदीवर! आणि घरातला टीव्ही जोडायला माणूस बोलावू?"

असं बायकोला सुनावणारा गृहस्थ पेशाने इंजिनिअर होता. पण त्या रविवारी तो मुख्यतः जावई होता. दुपारी चारला सासू-सासरे सिनेमा बघायला यायचे होते, आणि सिनेमा काही साधासुधा नव्हता. बायकोच्या धाकट्या भावाने तो स्वतः काढला होता.

सासरे सूत रंगवणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षं रंगमास्तर. पोराने नोकरी सोडून कॅमेरा हातात घेतला, तेव्हा ते म्हणाले होते, "फोटो काढून पोट भरतं का रे?" तेव्हापासून बापलेकात दोन वर्षं अबोला. आता धाकट्याने त्याच कारखान्यावर माहितीपट केला होता. वडिलांची मुलाखत घ्यायलासुद्धा तो गेला नाही, सहकारी बाईंना पाठवलं. बहिणीला फोनवर एवढंच म्हणाला, "बाबांना आधी बघू दे. आवडला तर येईन घरी."

म्हणजे घराची दिलजमाई व्हायची ती जावयाच्या टीव्हीवर!

आणि तयारी तरी काय होती! कपाटात एक जुना संगणक घरभराचे सिनेमे पोटात घेऊन बसला होता. त्याला जावई रुबाबात 'सर्व्हर' म्हणायचा. चार कोपऱ्यांत चार स्पीकर. सोफ्यामागे एक ठोकळा, तो फक्त घुमायचा. एक लांबुळका स्पीकर उरला. जावयाने तो उलटापालटा करून पाहिला आणि खोक्यात परत ठेवून दिला. "कंपनी चांगली आहे. एक जास्तीचा दिलाय!"

चारला मंडळी आली. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते, त्यांना पुढची खुर्ची मिळाली. सासरे इस्त्रीचा सदरा घालून, सत्काराला आल्यासारखे ताठ बसले. सिनेमा सुरू झाला.

कारखान्याचं दार उघडलं. आत रंगाचे हौद. पण सगळे राखाडी! चुलीतली राख पाण्यात कालवून पडद्यावर ओतावी तसे. जावई मनात म्हणाला, धाकट्याने मुद्दाम केलं असेल. कलेचं आपल्याला काय कळतं!

तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून जोरात 'स्स्स' झालं. सासरे ताडकन उठले. "गॅस! गॅस चालू राहिलाय!"

"बाबा, ती सिनेमातली वाफ आहे," बायको म्हणाली.

"मग माझ्या पाठीमागे काय करतेय?"

समजूत काढून त्यांना बसवलं, तोच पडद्यावर खुद्द तेच आले. सासरे खुलले. पडद्यावरचे सासरे हात हलवत, भुवया उडवत बोलू लागले. पण आवाज काही येईना! मागे यंत्रं धडधडत होती, नळ गळत होता, लांब कुठे कोणी शिंकल्याचासुद्धा आवाज आला. फक्त रंगमास्तर मुके!

खोलीतले सासरे पुढे सरकून स्वतःच्याच ओठांकडे बघू लागले. मग हळू म्हणाले, "कापला. माझा आवाज कापला त्याने. शिंक ठेवली, बाप कापला!"

"अहो बाबा, तसं नसेल..."

"आणि माझे हौद बघा! त्या लालासाठी मी तीन रात्री जागलोय! त्याची राख केली पोराने. सूड आहे हा, सूड!"

इकडे सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. हौद सगळ्यांनाच राखाडी दिसतायत, हे त्यांना कळलंच नाही. जावई मागोमाग गेला, तर त्या फोन स्पीकरवर टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांशी रडवेल्या आवाजात बोलत होत्या. "डॉक्टर, रंग गेले हो! लाल दिसतच नाही!"

"आजी, समोर काय दिसतंय?"

"जावयाचा शर्ट. पिवळा. कॉलर मळलेली."

"बरोबर आहे का?" डॉक्टरांनी जावयाला विचारलं.

"कॉलरसकट बरोबर आहे," जावई ओशाळून म्हणाला.

"मग डोळा उत्तम आहे. टीव्हीचं ऑपरेशन करा!"

जावयाने रिमोट हातात घेऊन ऑपरेशन सुरू केलं. एका बटणाने चित्र काळं झालं. दुसऱ्याने सासऱ्यांचा चेहरा जांभळा आणि केस हिरवेगार झाले.

"आता वांगं केलंत माझं!" सासरे चपला शोधू लागले.

शेवटी बायकोने भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सासऱ्यांनी दोन वर्षांचा अबोला एका दमात मोडला. "बापाचं तोंड दाखवतोस आणि आवाज कापतोस? लाज नाही वाटत?"

पलीकडून धाकटा ओरडला, "बाबा, अख्खा सिनेमा तुमच्याच आवाजावर चाललाय! दाजी, मधला स्पीकर लावलाय ना?"

"मधला?" जावयाने विचारलं.

"लांबुळका. माणसांचं बोलणं त्यातूनच येतं. बाकीच्यांतून नुसता आजूबाजूचा आवाज."

जावई खोक्याकडे गेला आणि लांबुळका स्पीकर काढून जोडू लागला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या त्या नजरेने नदीवरचा पूलही खचला असता.

"आणि रंग, दाजी? चित्र एचडीआरचं, म्हणजे जास्त भरगच्च रंगांचं आहे. टीव्हीच्या ज्या भोकात वायर खुपसलीय, त्याला ते रंग घ्यायची परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते."

"टीव्हीला परवानगी? माझी?"

"हो, तुमचीच!"

परवानगी दिली, आणि हौद पेटले! लाल असा, की सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "अगंबाई! दिसतंय गं!" सासरे चपला पायांत तशाच ठेवून उभे राहिले. "हाच. हाच तो लाल," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आता त्यांचा आवाजही खणखणीत येत होता.

मुलाखतीच्या शेवटी बाईंनी विचारलं, "मुलाबद्दल काय सांगाल?"

पडद्यावरचे रंगमास्तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "चूक माझीच झाली. त्याच्यासारखी रंगाची नजर माझीसुद्धा नव्हती. पण बाई, हे त्याला कळता कामा नये हं!"

फोन चालूच होता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, अर्ध्या तासात पोचतो."

सासऱ्यांचे कान त्या हौदाइतके लाल झाले. ते जावयाकडे झुकून कुजबुजले, "जावईबापू, मघाशी आवाज घालवला होतात ना तुम्ही? पोरगा यायच्या आत परत तसा घालवता येईल का?"

सासऱ्यांचा शब्द जावई कसा मोडणार! त्याने रिमोट उचलला आणि पूल बांधणाऱ्याच्या आत्मविश्वासाने एक बटण दाबलं.

चित्र मागे गेलं, आवाज दुप्पट झाला, आणि "चूक माझीच झाली" हे शेजारच्या तीन घरांनीही ऐकलं.