नोफ्री खोगीरवाल्याचे सांत्वन

मनुष्य हा सृष्टीचा केंद्रबिंदू आहे, हे सत्य आमच्या कास्तेलफोस्कोच्या नगरसभेने सतरा विरुद्ध दोन मतांनी मान्य केले आहे. (विरोधी मतांपैकी एक मठाधिपतींचे होते. दुसरे ज्यांचे होते, त्यांना ठराव गाढवांवरील कराचा आहे असे वाटले होते.) त्या दिवसापासून गावात मानवविद्येचा जो उत्कर्ष झाला, त्याला तोड नाही. पूर्वी माणसे माणसांशी नुसतीच बोलत. आता ती माणसाविषयी बोलू लागली, आणि तेही लॅटिनमध्ये.

या उत्कर्षाचे श्रेय सेर लात्तान्झिओ यांचे. गृहस्थ प्रकांड पंडित, पण मनाने लोण्याहून मऊ. दीड हजार वर्षांपूर्वी वारलेल्या कोणत्याही रोमन सेनापतीचा पुत्रशोक वाचून त्यांच्या डोळ्यांना धारा लागत. त्यांना मित्र तीन प्रकारचे होते: प्राचीन, परगावचे आणि नोफ्री. प्राचीन मित्रांना ते रोज भेटत आणि परगावच्या मित्रांशी पत्राने बोलत. नोफ्री पलीकडच्याच गल्लीत राहत असल्यामुळे त्याला भेटण्याची घाई नव्हती.

नोफ्री खोगिरे शिवायचा. लहानपणी दोघांनी एकाच ओढ्यात बेडूक धरले होते आणि एकाच बागेतले अंजीर चोरून एकाच काठीचा मार खाल्ला होता. द्राक्षे उतरवण्याच्या हंगामात नोफ्रीची बायको ब्रिजिदा तापाने गेली. मूलबाळ नव्हते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे शेजारणी वाटाण्याचे सूप घेऊन येऊ लागल्या, पुरुष येऊन बाकावर मुकाट्याने बसू लागले. रीत अडाणीच, पण दुसरी ठाऊक नव्हती.

बातमी ऐकून सेर लात्तान्झिओ ढसाढसा रडले आणि तसेच अनवाणी मित्राकडे निघाले. अर्ध्या वाटेत त्यांना एक अप्रतिम वाक्य सुचले. ते विसरू नये म्हणून ते घरी परतले.

हिवाळा संपेपर्यंत त्या वाक्याचा ग्रंथ झाला. शोकाकुल मित्राची समजूत काढणारा ग्रंथ लिहिणे हे त्या काळी सज्जनपणाचे लक्षण मानले जाई, आणि त्यात जिवंत मित्राला नावानिशी बोलायला लावणे हा मैत्रीचा कळस. त्यानुसार ग्रंथातला नोफ्री संगमरवरी आसनावर बसून अस्खलित लॅटिन बोलतो. (खऱ्या नोफ्रीला लॅटिन प्रार्थनेपुरते यायचे, तेही अर्थाला धक्का न लावता.) पत्नीवियोगात न डगमगलेले राजे चौदा, सेनापती नऊ आणि ज्याला बायको वारल्याचे दुसऱ्या वर्षी समजले असा एक तत्त्वज्ञ, एवढे दाखले त्यात आहेत. तत्त्वज्ञाचा दाखला विशेष गाजला. ब्रिजिदाचा उल्लेख दोनदा येतो, मात्र ‘फ्लाविया’ या नावाने. ‘ब्रिजिदा’ने वाक्याचा तोल जात होता. एकसष्टाव्या पानावर नोफ्री डोळे पुसतो आणि म्हणतो, ‘मित्रा, आता मला दुःख उरले नाही.’

ग्रंथाच्या नकला सिएनाला गेल्या, व्हेनिसला गेल्या. फेर्रारात तर तो मोठ्याने वाचला गेला आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी रुमाल भिजवले. कास्तेलफोस्कोची मान उंचावली. नोफ्रीचे सांत्वन पूर्ण झाल्याचे सगळ्यांना कळले, म्हणून सूप बंद झाले आणि बाकही रिकामा झाला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. बऱ्या झालेल्या माणसाला कोणी काढा पाजत नाही.

अडचण एवढीच, की नोफ्रीने ग्रंथ वाचला नव्हता. तो सवयीने रोज दोन पाव घ्यायचा. एके सकाळी दुसरा पाव हातात धरून तो भट्टीपुढेच रडू लागला. भट्टीवाली मोन्ना पिएरा जिवाची चांगली. तिने त्याला बाजूला घेतले.

“असं काय करता, नोफ्रीदादा? तुमचं दुःख संपलंय ना? फेर्रारापर्यंत माहितीय लोकांना. चारचौघांत असं बरं दिसतं का?”

नोफ्रीला खरोखर लाज वाटली. आपलेच काहीतरी चुकत असावे, असे त्याच्या मनाने घेतले. संध्याकाळी तो लात्तान्झिओंकडे गेला.

“लात्तान्झिओ, एकदा घरी येऊन बस रे. बोलू नकोस काही. नुसता बस.”

“अरे, पण तुझी समजूत पटलीय,” लात्तान्झिओ कळवळून म्हणाले. “आता मी येऊन बसलो तर लोक म्हणतील, ग्रंथ कमी पडला.”

“तुझ्या ग्रंथाला नावं ठेवत नाही मी.”

“मग रडतोस कशाला?”

नोफ्री उठून घरी निघाला. तो गेल्यावर लात्तान्झिओंना फार वाईट वाटले, इतके की त्यांनी एकसष्टाव्या पानावर आणखी दोन राजे घातले.

नगरसभेनेही या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. ठराव असा झाला, की सांत्वनप्राप्त नागरिक नोफ्री यांनी वेशीच्या आत रडू नये. वेशीबाहेर ऑलिव्हच्या बागेमागे तशी सोय करण्यात येत आहे. बाहेरगावच्या वाचकांनी विचारल्यास नोफ्री यांनी एकसष्टाव्या पानावरील वाक्य म्हणावे. गावाच्या नावाचा प्रश्न होता. नोफ्रीने वाक्य पाठ केले.

वर्षभराने, पुढच्या वसंतात, फेर्राराहून मेस्सेर उगोलोत्तो नावाचे वयस्कर गृहस्थ आले. त्यांची मुलगी नाताळापूर्वी वारली होती. ग्रंथ त्यांना तोंडपाठ होता, पण लागू पडत नव्हता, म्हणून ज्याला लागू पडला त्या माणसाला बघायला ते एवढा प्रवास करून आले होते. नोफ्रीने हात पुसून वाक्य म्हटले. म्हातारा बराच वेळ मान डोलावत राहिला.

“मग खोट माझ्यातच असणार,” तो म्हणाला आणि उठू लागला.

नोफ्रीची पंचाईत झाली. एकीकडे गावाची अब्रू आणि मित्राची कीर्ती, दुसरीकडे काठी चाचपडणारा हा म्हातारा. गरीब बिचाऱ्याला नगरहित पेलले नाही.

“बसा हो,” तो म्हणाला. “खोटं आहे ते. मला काडीचा आराम पडलेला नाही. मुलीचं नाव काय तुमच्या?”

“बियाजा,” म्हातारा म्हणाला. “हे कुणी विचारलंच नव्हतं.”

पुढे घडले ते ठरावाचे उघड उल्लंघन होते. दोघे अर्धवट शिवलेल्या खोगिरांमध्ये बसून वेशीच्या आत रडले. मग नोफ्रीने घेवड्याच्या शेंगा शिजवल्या, त्यात मीठ जास्त पडले, आणि दोघांनी त्या संपवल्या. जाताना म्हातारा काठी घ्यायची विसरला.

वार्ता कानी येताच सेर लात्तान्झिओ बोरू घेऊन धावत आले. एवढ्या काळात ते प्रथमच नोफ्रीच्या घरात पाऊल टाकत होते.

“कोणते दाखले दिलेस? राजे की सेनापती?”

“काही नाही रे. बसलो होतो दोघं.” नोफ्रीने बाकावरचे कातडे बाजूला सारले. “तूही बस ना.”

लात्तान्झिओ टेकले. क्षणभर त्यांनी नोफ्रीच्या गुडघ्यावर हातही ठेवला. पण तेवढ्यात त्यांना एक अप्रतिम वाक्य सुचले, आणि ते उठले.

वाचकहो, नोफ्रीसाठी तुमचा जीव हळहळला असेल. हळहळायलाच हवा, मानवविद्येचे हेच तर फळ. फेर्रारातही लोक असेच हळहळले होते, व्हेनिसमध्ये थोडे अधिकच, आणि मग त्यांनी पान उलटले. तुमच्याही पलीकडच्या दाराआड कोणी ना कोणी असेलच. पण त्याचे दुःख इतके नेटके कोणी लिहून ठेवलेले नाही, तेव्हा आधी पुढची गोष्ट वाचून घ्या.