दोन मीटरवरचे बिराजदार साहेब

पहिल्यांदा आमच्या घरून निघताना बिराजदार साहेबांनी चपला घातल्या, दोन्ही तळहात दाराच्या चौकटीवर टेकले आणि मान खाली घालून पुतळ्यासारखे उभे राहिले. मला वाटलं, झटका आला. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाण्याचा तांब्या आणला. मी डॉक्टरांचा नंबर शोधू लागलो. तेवढ्यात साहेबांनी ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं, "स्वच्छ हाय," म्हणाले आणि जिना चढून आपल्या घरी गेले. आम्ही दोघं तांब्या आणि फोन धरून तसेच उभे.

साहेब मूळचे सोलापूरजवळच्या मंद्रूपचे. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि पुढं सगळी नोकरी दूर समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात. तिथून बाहेर पडताना हातापायांना किरणोत्सर्गी काही चिकटलं नाही ना, हे तपासायला रोज यंत्रावर असंच उभं राहावं लागे. निवृत्त होऊन सोलापुरात आले, विजापूर रोडवर आमच्या वरच्या मजल्यावर राहू लागले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची सोय नव्हती.

त्यांचं संशोधन कशावर, हे मात्र मी एकदा विचारलं. म्हणाले, "भट्टी बंद केल्यावर काय होतं, त्यावर."

मी चाट पडलो. बंद केल्यावर काय व्हायचंय? मग त्यांनी दोन तास समजावलं. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं. ते किती तापेल, किती दिवस तापेल आणि तोवर पाणी किती खेळवत ठेवायचं, हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी आपला प्रबंधही वाचायला दिला. मी शाळेत चित्रकला शिकवली. मला त्यातले पानांचे आकडे तेवढे समजले.

त्या संशोधनाचे परिणाम मात्र आमच्या स्वयंपाकघरानं भोगले. सुनंदानं कुकरखालचा गॅस बंद केला की साहेब बैठकीतून सांगत, "वहिनी, गॅस बंद केला म्हंजे संपलं असं न्हाय." मग अर्धा तास कुकरला कुणी हात लावायचा नाही. बार्शीहून आलेले माझे मेव्हणे एकदा शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन परत गेले. वरण कुकरातच राहिलं.

दुसरं म्हणजे आकडा. लई ऊन आहे म्हटलं की, "आकडा सांगा." पोट दुखतंय म्हटलं तरी, "दहापैकी किती?"

एकदा बाजारात उजनीकाठच्या एका केळीवाल्याला ते सहज बोलून गेले की केळ्यातूनही थोडे किरण बाहेर पडतात. खरंच पडतात म्हणे, अगदी नगण्य. पण नगण्य हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाइकं पांगली होती. केळीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी आकडे सांगून पाहिले, कुणी थांबेना. शेवटी त्यांनी तिथंच उभं राहून लागोपाठ सात केळी खाल्ली. सातव्याला एक बाई परत फिरली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तरी अजून विश्वास बसत नाही.

मग गेल्या वर्षी सुनंदाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ थायरॉइडची होती, कॅन्सरची निघाली. पुढं तिला किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध दिलं आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, भांडी वेगळी, जवळ कुणी फार वेळ बसायचं नाही.

मी घाबरलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ताट उंबऱ्यावर ठेवायचो आणि मागं सरायचो. तिच्याशी बोलायचो ते भिंतीआडून. शेजारणी जिन्यातूनच विचारपूस करून जायच्या. दुसऱ्या दिवशी तिनं ताट तसंच परत सरकवलं. भूक नाही म्हणाली.

त्या दुपारी चारला साहेब मोजपट्टी आणि खडू घेऊन आले. मला वाटलं, हा माणूस आता आख्खी इमारत रिकामी करायला लावणार. त्यांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला, लग्नपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी मांडलं, पलंगापासून दोन मीटर मोजून दारात खडूची रेघ ओढली आणि रेघेवर खुर्ची मांडून बसले.

"हितं बसलं तर चालतंय," मला म्हणाले. "रोज अर्धा तास मी, अर्धा तास तुम्ही. पळायचं काय काम न्हाय."

आणि अर्धा तास तिच्याशी गप्पा मारल्या. धपाट्यांच्या, मंद्रूपच्या बाजाराच्या. सुनंदा हसलेली मी भिंतीपलीकडून ऐकली. मग मीही जाऊन त्या खुर्चीवर बसलो.

मुदत संपली. डॉक्टरांनी आता काही बंधन नाही म्हणून सांगितलं. तरी साहेब चारला येत आणि रेघेवरच बसत. सुनंदानं एकदा चहा केला आणि आत येऊन बसा म्हणाली. ते उठेनात.

"सवय हाय," म्हणाले. मग खाली बघत: "सुट्टीला गावी जायचो की, अव्वा माझं अंथरूण पडवीत घालायची. पेला वेगळा. तिला कुणीतरी सांगितलं होतं, अणुकेंद्रातला माणूस किरण अंगावर घिऊन येतो म्हणून. मी लई समजावलं. तिला पटलं न्हाय. जेवायला वाढायची, पण लांबून. शेवटपर्यंत."

अव्वा म्हणजे त्यांची आई.

"लग्नाचंही तेच झालं," एवढंच पुढं म्हणाले.

सुनंदा उठली. कप टेबलावर न ठेवता तिनं रेघ ओलांडून तो थेट त्यांच्या हातात दिला आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

साहेबांनी कप दोन्ही हातांनी धरला. चहा निवून गेला तरी ते तसेच बसून होते.