रंगनाथनानांचा रांजण

आमच्या गोरेगाव खेड्यात कुणी बाभळीखाली उभं राहून, मान वर करून, "ताप हाय का घरात कुनाला?" असं विचारताना दिसलं, तर घाबरू नका. ते माझे शेजारी रंगनाथनाना. वर सुगरणींची घरटी असतात आणि प्रश्न त्यांनाच असतो.

नानांनी सगळी नोकरी हिवतापाच्या खात्यात काढली. दारोदार फिरायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त होईना. अशात पाखरांच्या रक्ताचा अभ्यास करणारी एक मुलगी शिवारात जाळी लावून बसली. तिनं सांगितलं, पाखरांनाही हिवताप होतो, त्यांचा वेगळा, माणसाला न लागणारा. पण पसरवतात डासच. नाना धापा टाकत माझ्याकडे आले. "गुरुजी, पाखरायलाबी हिवताप! अन् आमी जलमभर निस्ती माणसंच टोचून राहिलो!"

तेव्हापासून ते तिचे बिनपगारी मदतनीस. कोणतं घरटं डबक्याजवळ, कोणतं उंचावर, सगळं वहीत. "नागडं पिल्लू म्हंजे डासाला वाढलेलं ताट. पिसं फुटली की मंग बराबर." दर शनिवारी गावभर फिरून साचलेलं पाणी ओतायचं. माझ्या बायकोची भरलेली घागर त्यांनी दोनदा मोरीत ओतली. "पाखरायसाठी, वहिनी." ती म्हणाली, "मग आज जेवायलाही पाखरांकडंच जा."

गावात एकच भांडं कधी पालथं झालं नाही. नानांच्या ओसरीतला रांजण. विचारलं की म्हणायचे, "त्याला फडकं बांधेल हाय," आणि विषय बदलायचे.

यंदा त्याच ओसरीवरच्या वेलात बुलबुलांनी घरटं केलं. नाना हरखून गेले. तीन पिल्लं निघाली. मग त्या अभ्यास करणाऱ्या मुलीनं मादीच्या पंखातून थेंब घेऊन तपासला, तर हिवताप. आईला चावलेला डास पिल्लांना चावला की संपलं. नाना डबकं शोधत अर्धं गाव पालथं घालून आले. शेवटी मीच रांजणाचं फडकं उचललं. ते उंदरांनी कुरतडलं होतं आणि आत अळ्या वळवळत होत्या.

नाना रांजणाला टेकून बसले.

"सुमननं भरला व्हता," म्हणाले. सुमन त्यांची बायको. "दवाखान्यात न्यायच्या दिशी, सकाळी. ती वापस आली न्हाई. मी रोज वरून तांब्याभर घालून राहिलो, विरजणावानी. तिचं पानी सरू नये म्हून."

मी म्हटलं, "नाना, मी ओततो."

"न्हाई गुरुजी. वहिनीची घागर मी न इचारता ओतली. हा तरी इचारून ओततो."

ते आत सुमनच्या फोटोपाशी गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि दोन्ही हातांनी रांजण वेलाच्या बुडाशी कलंडला. मग तो पालथा घालून, नोकरीत तपासलेल्या घराच्या दारावर लिहायचे तशी, जुन्या सवयीनं त्यावर खडूनं तारीख लिहिली.

मी शेजारी बसलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "नाना, ताप आहे का घरात कुणाला?"

नाना घरट्याकडे बघत होते. पिल्लं चोची वासून ओरडत होती.

"लेकरं बरी हैत," ते म्हणाले. मग पालथ्या रांजणावर हात ठेवून, "मला हाय थोडासा."